सायलेन्सर मोकळा करणे

सायलेन्सर मोकळा करणे म्हणजे मोटारसायकलच्या इंजिनात जळालेला गॅस ज्या वाटेने बाहेर पडतो, म्हणजे हेडचं पोर्ट (इंजिनाच्या डोक्यातलं धुराचं भोक), बेंड पाईप, सायलेन्सर आणि त्यातली जाळी, त्या वाटेतला अडथळा घरी किंवा गल्लीतल्या गॅरेजवर कमी करणे. खानदेशात, जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात, "गाडी वढी नही ऱ्हायनी" (गाडी ओढत नाही) म्हणून हे काम करतात आणि आवाजासाठी पण करतात, पण ही दोन कामं एक नाहीत हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आवाज वाढला की गाडी पळायला लागली असं बऱ्याच जणांना खरोखर वाटतं.

पाईप फक्त धूर बाहेर टाकत नाही, तो ओढतो पण. फोर स्ट्रोकमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनात, धूर सोडणारा एक्झॉस्ट वाल (झडप) पूर्ण बंद व्हायच्या आधीच मिक्श्चर आत घेणारा इनटेक वाल उघडायला लागतो, त्या क्षणभरात बेंड पाईपमधून जोरात निघालेला गॅस मागे दाब कमी करून जातो, आणि त्या ओढीने सिलेंडरमधला उरलासुरला धूर निघतो आणि नवं मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, आत सरकतं. म्हणून पाईप जितका जाड तितका चांगला असं अजिबात नाही. पाटाची चारी रुंद केली की पाण्याची धार संथ होते, तसंच जाड पाईपात गॅसचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, पिकअप जातो. मागे दोन पोती बांधून मळ्याच्या रस्त्याने दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या माणसाला तर खालचीच ताकद लागते, वरच्या आरपीएमचं त्याने काय करायचं?

टू स्ट्रोकची, म्हणजे पेट्रोलबरोबर तेल जाळणाऱ्या जुन्या इंजिनाची, गोष्ट वेगळी. तिथे पोर्टला वाल नसतोच, त्यामुळे सायलेन्सरचं फुगीर पोटच वालचं अर्धं काम करतं, आतल्या उतारावर आदळून परत आलेली दाबाची लाट बाहेर निसटू बघणारं ताजं मिक्श्चर पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात बसवलं, त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये देश सोडून पळून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली, आणि १९६२ ची ५० सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिप सुझुकीने मारली. आपल्याकडे हे समजून घ्यायला यामाहा आरएक्स १०० आहेच, १९८५ ते १९९६ बनलेली, ९८ सीसीत ११ बीएचपी देणारी. या गाडीचं पोट कापून सरळ नळी लावणारा माणूस आवाज मिळवतो आणि ताकद घालवतो. तिला हवं असतं ते कार्बन काढणं. मागची जाळी स्क्रू काढून ओढली की डांबरासारखा तेलकट थर निघतो, तो खरवडायचा, नाहीतर जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही पार्ट त्यात घालायचा नाही, तो खाल्ला जातो.

फोर स्ट्रोक कम्युटर गाडीत खरा फायदा मिळतो तो बारीकसारीक ठिकाणी. पाईप हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रिंग, बघा. सायलेन्सरच्या तोंडाला थंड असताना क्षणभर जाड फडकं दाबून धरायचं, गाडी स्लोवर ठेवायची, सांध्यातून फुस्स-फुस्स आलं की पॅकिंग गेलं. ॲक्सिलरेटर सोडला की पडपड फटाके वाजतात, पोरांना ते लई भारी वाटतं, पण बऱ्याचदा तो ह्याच सांध्यातून हवा आत ओढली जात असल्याचा पुरावा असतो. नवं पॅकिंग चहा-नाश्त्याच्या पैशात येतं. तांब्याची रिंग असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की ती मऊ पडते आणि पुन्हा नीट बसते.

मग पाईप काढून तोंडात बघायचं. स्वस्त गाड्यांत फ्लँजच्या (पाईप हेडला बोल्टने बसवणाऱ्या पट्टीच्या) वेल्डिंगचा गोळा आतल्या बाजूला आलेला सापडतो, बोट फिरवलं की लागतो. गोल कानशीने तो सावकाश घासून काठ सपाट करायचा, पाईप गाडीवरून उतरवूनच, कारण कीस पोर्टात गेला तर वाल खराब होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन पाईपातून जातं, आणि गाव ते मळा एवढीच गाडी चालवली तर ते आतच साचून पत्रा सडवतं, म्हणून सायलेन्सरच्या खालचं बारीक भोक तारेने मोकळं ठेवायचं, आपल्या काळ्या मातीत ते पहिल्याच पावसात बुजतं.

आमच्या मळ्यातली गाडी एकदा दोन महिने केळीच्या बागेजवळच्या शेडमध्ये उभी होती. चालू केली तर धड स्लोला थांबेना, आम्ही कार्बोरेटर खोललं, प्लग बदलला, सगळा दिवस घातला. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात तार घातली तर कडक माती लागली, कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. ते फोडून काढलं आणि गाडी पहिल्या किकला लागली. ठिबकचं पाणी येईना तर आपण आधी फिल्टर धुतो, मोटर बदलत नाही, तोच हिशोब इथे.

जाळी काढली किंवा मोकळा सायलेन्सर लावला तर हवेचं प्रमाण वाढून मिक्श्चर पातळ पडू शकतं. प्लग चहा-बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफट्ट असेल तर इंजिन जास्त तापतंय, मग कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकायचा किंवा निडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली घ्यायची. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंशात एअर कूल्ड इंजिन आधीच तापलेलं असतं, तिथे पातळ मिक्श्चर म्हणजे पिस्टन चिकटायला आमंत्रण.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमाच्या) गाड्यांत मात्र हात आवरावा. पाईपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असलेलं, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, ते काढलं की विषारी धूर वाढतो, चेक लाईट लागते आणि इंजेक्शनचा हिशोब बिघडतो. कायद्याने पण जमत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० (२) खाली आवाज-धुराचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली घालतात ते बरोबरच आहे, ज्याच्या घरात तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं आहे त्याला विचारा.

फरक पडला की नाही हे कानाने ठरवायचं नाही. धुळ्याकडचा लळिंग घाट नाहीतर चाळीसगावचा कन्नड घाट, एकच चढ, मागे तोच माणूस, तोच गिअर, कामाच्या आधी आणि नंतर, आणि टाकी फुल ते फुल ॲव्हरेज वहीत लिहून ठेवायचं.