बोरिवलीचे उद्यान आणि ठाणे खाडीचे अभयारण्य: फरक नेमका कुठे आहे?

मुंबईत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याच्या हाताशी दोन्ही नमुने आहेत. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते, आणि ऐरोली ते वाशी या दोन पुलांच्या मधल्या पाण्यात नि तिवरांत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य पसरलेले आहे. तरीही दादरपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही अभ्यासिकेत जा, नोट्समध्ये चार वाक्ये हमखास सापडतात. राष्ट्रीय उद्यान मोठे, अभयारण्य लहान. उद्यान अख्ख्या परिसंस्थेसाठी, अभयारण्य एखाद्या प्रजातीसाठी. उद्यान केंद्र सरकार जाहीर करते, अभयारण्य राज्य सरकार. उद्यानात माणसाला मज्जाव, अभयारण्यात मोकळीक.

यातली पहिली तीन चूक आहेत आणि चौथे अर्धेच खरे आहे. तीन चुकांचा निकाल लवकर लावता येतो.

आकाराचे बघू. बोरिवलीचे उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे, खाडीचे अभयारण्य जेमतेम १७ चौरस किलोमीटरचे, त्यामुळे मुंबईपुरता हा नियम खरा वाटतो. पण सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतले माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान, लडाखमधले हेमिस, साडेचार हजारांच्या आत आहे. माळढोकचे क्षेत्र पुढे कापून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. का, ते पुढे येईल. कायद्यात किमान किंवा कमाल आकाराची अट दोन्हींसाठी नाही.

प्रजातीचे वाक्य तर कायद्याचे मूळ शब्द न वाचता पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम १८ मध्ये अभयारण्याचे निकष आहेत आणि कलम ३५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे. दोन्हीकडे परिसंस्था, प्राणी, वनस्पती, भूरूप यांचे महत्त्व आणि वन्यजीवांचे व त्यांच्या पर्यावरणाचे संरक्षण, संवर्धन, विकास हेच शब्द थोड्याफार फरकाने आले आहेत. शिवाय मणिपूरमध्ये लोकटाक सरोवरावरचे केइबुल लामजाओ बघा: फुमदींवर, म्हणजे वनस्पतींच्या तरंगत्या थरांवर, राहणाऱ्या संगाई हरणासाठी राखलेले, तरीही राष्ट्रीय उद्यान. केरळचे एरविकुलम निलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्यासाठी ओळखले जाते, तेही राष्ट्रीय उद्यानच.

आणि जाहीर कोण करते? दोन्ही राज्य सरकार. राज्याने एखादे क्षेत्र केंद्राकडे हस्तांतरित केले किंवा भाडेपट्ट्याने दिले, तर कलम ३८ खाली केंद्रही दोन्हींपैकी काहीही जाहीर करू शकते. बोरिवलीच्या उद्यानाचा कारभार राज्याच्या वन विभागाकडे आहे, तसाच खाडीचाही, फक्त खाडी विभागाच्या कांदळवन कक्षाकडे.

आता चौथे वाक्य. इथे थांबायला हवे, कारण खरा फरक इथेच आहे आणि तो एका छोट्या खंडात दडलेला आहे.

अभयारण्य जाहीर करण्याची रीत अशी. सरकार आधी फक्त इरादा जाहीर करते. मग जिल्हाधिकारी त्या क्षेत्रात कोणाचे काय हक्क आहेत याची चौकशी करतात: कोणाची शेतजमीन, कोणाची वाट, कोण गुरे चारतो, कोण लाकूडफाटा आणतो. स्थानिक भाषेत जाहीरनामा निघतो आणि लोकांना दावे मांडायला मुदत मिळते. प्रत्येक दाव्यावर जिल्हाधिकाऱ्यांपुढे कलम २४ च्या पोटकलम २ मध्ये तीन मार्ग आहेत. ती जमीन प्रस्तावित हद्दीतून वगळायची, किंवा ती संपादित करायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून तो हक्क तसाच चालू ठेवायचा. हा तिसरा मार्ग म्हणजे अभ्यासिकेतल्या भाषेत ‘चोवीस-दोन-सी’.

राष्ट्रीय उद्यानालाही हीच सगळी प्रक्रिया लागू होते. कलम ३५(३) तसे स्पष्ट सांगते, पण सांगताना एक गोष्ट वगळते: कलम २४(२) चा हा तिसरा खंड. उद्यानाच्या बाबतीत ‘हक्क चालू ठेवा’ हा पर्यायच जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो. जमीन वगळा किंवा संपादित करा, मधली वाट नाही. त्याला जोडूनच कलम ३५(४) ची अट येते की सर्व हक्क राज्य सरकारकडे निहित झाल्यावरच अंतिम घोषणा करायची. दोघांमधला कायदेशीर फरक बहुतांशी एवढाच आहे, आणि माझ्या मते नोट्समध्ये पहिल्या ओळीत हेच लिहायला हवे.

चराईचा नियम याच मुळावर उगवतो. अभयारण्यात चराईचे नियमन, नियंत्रण किंवा बंदी करण्याचा अधिकार कलम ३३ ने मुख्य वन्यजीव रक्षकांना दिला आहे, म्हणजे परवानगी मिळूही शकते. राष्ट्रीय उद्यानात कलम ३५(७) प्रमाणे चराई नाहीच. गुरांना आत पाऊल टाकायलाही बंदी आहे. अपवाद एकच, आणि तो वाचून गंमत वाटते: आत जायची परवानगी असलेल्या माणसाने वाहन म्हणून वापरलेले जनावर चालते. घोड्यावर बसून आलेला पाहुणा चालेल, घोडा चरायला सोडलेला चालणार नाही.

मग ‘उद्यानात मज्जाव, अभयारण्यात मोकळीक’ हे अर्धेच खरे का? कारण मोकळीक अभयारण्यातही नाही. प्रवेशाचे निर्बंध कलम २७ मध्ये आहेत आणि ते दोन्हींना लागू आहेत. कर्तव्यावरचा सरकारी सेवक, परवाना मिळालेला माणूस, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला रहिवासी, सार्वजनिक रस्त्याने जाणारा वाटसरू अशांनाच वाट आहे. पर्यटन, छायाचित्रण, संशोधन यांसाठीचे परवाने कलम २८ खाली दोन्हीकडे मिळतात. कान्हेरीच्या लेण्यांना जाणारा माणूस तिकीट काढतो, खाडीत फ्लेमिंगो बघायला होडीत बसणाराही काढतो. वन्यजीव आणि अधिवास यांचा नाश करण्यावरची बंदी अभयारण्यासाठी कलम २९ मध्ये आणि उद्यानासाठी ३५(६) मध्ये आहे. दोन्हींत परवान्याची अट जवळजवळ सारखीच: वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी गरज असेल तरच. त्यामुळे ‘अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागत नाही’ असे विधान आले की ते खुशाल खोडावे.

संघ लोकसेवा आयोगाने २०१२ च्या पूर्वपरीक्षेत विचारले होते की स्थानिकांना जैवभार (लाकूडफाटा, गवत, पाला वगैरे) गोळा करून वापरायला कुठे मनाई असते. पर्याय होते जीवावरण राखीव क्षेत्र, राष्ट्रीय उद्यान, रामसर पाणथळ (रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदलेली पाणथळ जागा) आणि अभयारण्य. उत्तर राष्ट्रीय उद्यान. ‘चोवीस-दोन-सी’ डोक्यात असेल तर हे उत्तर पाठ करावे लागत नाही. हक्क जिथे चालूच ठेवता येत नाहीत ती जागा एकच उरते.

कागदावर हक्क मिटले म्हणून माणसे मिटत नाहीत, हेही बोरिवलीतच दिसते. उद्यानाच्या हद्दीत आजही वारल्यांचे पाडे आहेत. शहराच्या बाजूने वाढलेल्या झोपडपट्ट्यांचा प्रश्न न्यायालयात गेला, मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि पात्र कुटुंबांचे चांदिवलीला पुनर्वसन सुरू झाले. पाडे आणि अतिक्रमण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, उत्तरपत्रिकेत त्या एकत्र कालवू नयेत. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये दोन्हींना लागू आहे, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलावर अवलंबून असलेल्या अनुसूचित जमातींचे हक्क तो मान्य करतो. त्यातलीच ‘संकटग्रस्त वन्यजीव अधिवास’ (वन्यजीवांसाठी माणसांच्या हस्तक्षेपाविना राखायची जागा) ही संकल्पनाही केवळ या दोन प्रकारच्या क्षेत्रांसाठी आहे. मुख्य परीक्षेत वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा यांच्यातल्या ताणावर लिहायचे असेल तर वाघांची आकडेवारी देण्यापेक्षा वारली पाड्याचे उदाहरण जास्त काम करते.

माळढोकची राहिलेली गोष्ट. कलम २० म्हणते की इरादा जाहीर झाल्यावर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. साडेआठ हजार चौरस किलोमीटरमध्ये गावे, बाजारपेठा, उसाचे फड, सगळेच आले होते. तिथल्या शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकतानाही अडचण येई, आणि पक्ष्याबद्दल आपुलकी वाटण्याऐवजी राग साचत गेला. म्हणूनच पुढे क्षेत्र कापावे लागले. अभयारण्य हा ‘सौम्य’ प्रकार आहे असे मानणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

खाडीकडे वळू, कारण तिथे दुसराच गोंधळ होतो. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडी जास्त तिवरे आणि बाकी पाणी. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ती रामसर स्थळही झाली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातले तिसरे. पण रामसर स्थळाचे क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. हा आकडा टंकलेखनाची चूक नाही: अभयारण्याभोवती जाहीर झालेले पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही रामसर स्थळात धरले आहे. हे संवेदनशील क्षेत्र १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली केंद्र सरकार जाहीर करते, १९७२ च्या कायद्याखाली नव्हे. बोरिवलीच्या उद्यानाभोवतीही असे क्षेत्र २०१६ मध्ये जाहीर झाले. रामसरचा शिक्का हा आंतरराष्ट्रीय करारातला, त्याने कोणाचा हक्क आपोआप जात नाही. खाडीतल्या कोळ्याला अडवणारे किंवा मोकळे सोडणारे नियम येतात ते अभयारण्याच्या कायद्यातून, आणि सागरी हद्दीचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची अट त्याच कायद्याच्या कलम २६अ मध्ये आहे.

दोन्ही प्रकार एकमेकांना लागूनही असतात, एकात एकही. वसई खाडीपलीकडचा नागला भाग बोरिवलीच्या उद्यानाचाच, आणि त्याच्या शेजारी तुंगारेश्वर अभयारण्य. बिबट्याला हद्द ठाऊक नसली तरी गुराख्याला ठाऊक असावी लागते. कलम ३५ तर म्हणते की राष्ट्रीय उद्यान अभयारण्याच्या आतही काढता येते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, दोन्ही मिळून आजचा व्याघ्र प्रकल्प. व्याघ्र प्रकल्प हा या दोघांच्या वरचा तिसरा दर्जा नव्हे. तो २००६ च्या दुरुस्तीने आलेल्या निराळ्या प्रकरणातला आहे आणि या क्षेत्रांवर बेतलेला असतो.

राहिला हद्द बदलण्याचा मुद्दा, आणि यात जुनी मार्गदर्शके अजून फसवतात. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हद्द बदलायला राज्य विधिमंडळाचा ठराव लागत असे. २००२ च्या दुरुस्तीने तो काढून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आवश्यक केली, उद्यानासाठीही आणि अभयारण्यासाठीही. म्हणून ‘राष्ट्रीय उद्यानाची हद्द केवळ विधिमंडळाच्या ठरावाने बदलते, अभयारण्याची साध्या आदेशाने’ हे विधान दोन्ही बाजूंनी चूक आहे. बोरिवलीच्या डोंगराखालून जाणारा ठाणे–बोरिवली जुळा बोगदा असो की ठाणे खाडीच्या तळाखालून जाणारा बुलेट ट्रेनचा सात किलोमीटरचा बोगदा, वन्यजीव मंजुरीच्या पायऱ्या दोन्हीकडे चढाव्याच लागतात.