इथेनॉल : मळीपासून मक्यापर्यंत

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळून पाहण्याचे पहिले सरकारी प्रयोग २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली : मिरज आणि आपले मनमाड. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोबाहेरच्या टँकरच्या रांगा रोज पाहणाऱ्यांनाही हे फारसे ठाऊक नसते. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. पुढची दहा-बारा वर्षे रडतखडतच गेली.

सगळा गुंता मळीच्या प्रकारांत आहे. उसाच्या रसातून तीनदा साखर काढून उरते ती काळी, चिकट सी-हेवी मळी; इथेनॉल आधी तिच्यापासूनच व्हायचे. दुसऱ्या टप्प्यावरच थांबले तर बी-हेवी. तिच्यात साखर जास्त राहते, म्हणून इथेनॉलही जास्त निघते. थेट रस वळवला तर साखर बनतच नाही. २०१८ च्या धोरणाने बी-हेवी आणि रसाच्या वाटाही मोकळ्या केल्या आणि तिन्हींना वेगळा दर मिळू लागला. त्या भरवशावर कारखान्यांनी कर्जे काढून इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरी वाढवल्या.

आणि ७ डिसेंबर २०२३ उजाडला. गळीत हंगाम सुरू होऊन महिना उलटला होता, गव्हाणीत मोळी पडत होती, आणि केंद्राने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. कारण दिले गेले साखरेच्या तुटवड्याचे. ऑगस्ट कोरडा गेला होता, हे खरे. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, हेही खरे. आठ दिवसांत पाऊल मागे आले : रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखर बनेल इतकाच माल इथेनॉलकडे वळवायची मुभा. बंधने उठायला ऑगस्ट २०२४ उजाडले. साखर महागू नये हे समजते, पण चालू हंगामात नियम फिरवल्याचा भुर्दंड कर्ज काढणाऱ्यावर पडला.

तेवढ्यात मका पुढे सरकला. त्याच वर्षी धान्याच्या इथेनॉलने उसाला मागे टाकले. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. येवला-मालेगावकडच्या शेतकऱ्याला वर्षभर बरे दिवस आले. २०२५ च्या खरिपात मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता, पण व्यापाऱ्याने मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले की भाव त्याच्या खाली.

राज्याच्या हाती काय? औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. दर आणि मिश्रणाची टक्केवारी मात्र दिल्लीतच ठरते. वीस टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठले गेले. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांना सुमारे १०५० कोटी लिटर हवे होते, उत्पादकांनी देऊ केले १७७६ कोटी. घेतलेल्यात उसाचा वाटा तीस टक्क्यांच्या आतच राहिला.