पागोळी तुटते कुठे?

पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि छज्ज्याची कड खालून बघा. थेंब कडेवरून सरळ खाली पडायला हवेत. ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकत असतील, तर भिंतीला ओल का येते याचं अर्धं निदान तिथेच झालं. पाणी काँक्रीटला धरून राहतं आणि पृष्ठताणामुळे थेंब लवकर सुटत नाही. वाटेत खाच आली की त्याला वर चढावं लागतं. ते जमत नाही, थेंब जड होतो आणि सुटतो. म्हणून कडेपासून इंचभर आत, १० ते १२ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच लागते. ती गिलाव्यातच घ्यावी. काँक्रीट कापलं तर सळईवरचं आवरण कमी होतं.

दुसरं कारण खानदेशच्या उन्हात आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उघडा स्लॅब हवेपेक्षाही जास्त तापतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला, की सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. खालची विटांची भिंत तेवढी वाढत नाही. रोजच्या या ओढाताणीत कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात भेग पडते, आणि जूनचं पाणी तिथूनच आत शिरतं. या भेगेत नुसतं सिमेंट भरलं तर ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा फाटणार. ती १० मिलिमीटर रुंद खोदून, साफ करून, पूर्ण वाळल्यावर पॉलियुरेथेन सीलंटने भरावी, कारण ते ताणलं जातं. त्यावर ३ इंची गोल वाटा करावा, म्हणजे सांध्याचा कोपरा मसाल्याने गोलसर भरावा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर जाळीच्या कापडासह कठड्यावर किमान ६ इंच चढवावा. कठड्याच्या माथ्याला उतार द्यायचा तो आत, गच्चीकडे.

छज्ज्याच्या किंवा स्लॅबच्या पोटाला पांढरा खार दिसला तर पाणी काँक्रीटमधून झिरपतंय. तांबूस डाग दिसला तर सळई गंजतेय, आणि हे जास्त गंभीर. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हातोडीने हलकं ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथवर खडूने खूण करा.

खुणेच्या आतलं सगळं काढायचं. सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा करा, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासा आणि झिंक प्रायमर लावा. मग १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणात एसबीआर लॅटेक्स (मसाला घट्ट धरून ठेवणारं, रबराचं दुधासारखं द्रावण) घेऊन मसाला करा. आधी लॅटेक्स-सिमेंटचा हात मारा आणि तो चिकट असतानाच मसाला भरा. एका वेळी १५ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको, नाहीतर ओला मसाला स्वतःच्याच वजनाने सुटतो. वर ओलं गोणपाट हवंच. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ती पाव भागाहून जास्त झिजली असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय आणि खालून टेकू दिल्याशिवाय छज्जा फोडू नका.

पावसाळ्यात खुणा करून ठेवाव्यात आणि काम भिंती वाळल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावं. एप्रिलच्या दुपारी मसाल्यातलं पाणी जमण्याआधीच उडून जातं.

आता पाण्याची वाट. १०० चौरस मीटर गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, की ५,००० लिटर पाणी होतं. जोराची सर धरून ४० चौरस मीटरला एक ४ इंची पाइप हवा, आणि गच्चीला १०० ला १ उतार. जुन्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, खारी माती पसरायचे, त्यामागेही हेच शहाणपण होतं. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, आणि पाणी वरच्या वर पन्हळीकडे जातं.

पाइप जमिनीपाशी मोकळा सोडू नका. तापीकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पायाला लागून हे दरवर्षी होत राहिलं की भिंत खालून तडकते. पाणी जोत्यापासून चार-पाच फूट लांब, नालीत किंवा शोषखड्ड्यात न्या.