मक्याच्या दोन खेपा आणि शॅम्पेनची खोटी बिलं : युरोपीय कायदा देशोदेशींच्या फौजदारी कायद्यात कसा शिरला

मे १९८६ मध्ये ग्रीसमधून बेल्जियमला मक्याच्या दोन खेपा गेल्या. कागदोपत्री हा मका ग्रीसमध्येच पिकलेला होता, प्रत्यक्षात तो युगोस्लाव्हियातून आणलेला होता. युगोस्लाव्हिया तेव्हाच्या युरोपीय समुदायाबाहेरचा देश, त्यामुळे त्या मक्यावर शेतमालाचा आयात आकार भरायला हवा होता. तो बुडाला. खोटे दाखले तयार करण्यात ग्रीसच्या सरकारी अधिकाऱ्यांचाही हात असल्याचं समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या तपासात दिसलं, तरी ग्रीसने कुणावरही कारवाई केली नाही. शेवटी आयोगाने ग्रीसलाच लक्झेंबर्गमधल्या समुदायाच्या न्यायालयात खेचलं.

१९५७ च्या रोम कराराने शिक्षा देण्याचा अधिकार समुदायाच्या हाती दिला नव्हता. गुन्हा कशाला म्हणायचं आणि तुरुंगात कुणाला धाडायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असा समज होता. २१ सप्टेंबर १९८९ च्या निकालाने त्या समजाला पहिला मोठा धक्का दिला. न्यायालय म्हणालं की स्वतःच्या तिजोरीवर डल्ला पडल्यावर ग्रीस जी तत्परता दाखवेल, तीच समुदायाच्या पैशासाठीही दाखवली पाहिजे. आणि शिक्षा परिणामकारक, प्रमाणशीर व जरब बसवणारी हवी. आज युरोपच्या कितीतरी निर्देशांत, म्हणजे देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमांत, दिसणारे हे तीन शब्द मक्याच्या या खटल्याने रूढ केले.

मग करारांचा रस्ता खुला झाला. युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारानंतर फौजदारी सहकार्याला वेगळा कप्पा मिळाला, तिथे निर्णय एकमताने होत. १९९५ मध्ये संघाच्या पैशांची अफरातफर हा गुन्हा मानण्याचा करार झाला, पण तो लागू व्हायला २००२ उजाडलं. त्याच वर्षी, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या घाईत, एका देशाने काढलेलं आणि दुसऱ्या देशात बजावता येणारं युरोपीय अटक वॉरंट मंजूर झालं. १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या लिस्बन कराराने दहशतवाद, मानवी तस्करी, भ्रष्टाचार, सायबर गुन्हे अशा विषयांत गुन्ह्यांच्या व्याख्या आणि शिक्षांचे किमान नियम बहुमताने ठरवायची मुभा दिली.

खरा पेच मात्र इटलीत, पिएमोंते प्रांतातल्या कुनेओ शहराच्या न्यायालयात उभा राहिला. प्रकरण शॅम्पेनच्या व्यापाराचं. मधे कागदी कंपन्या उभ्या केल्या होत्या. त्या दुसऱ्या देशातून माल व्हॅटशिवाय घ्यायच्या, पुढच्या कंपनीला व्हॅट लावून बिल द्यायच्या आणि तो कर सरकारकडे भरायच्याच नाहीत. पुढची कंपनी मात्र त्याच बिलावर कराची वजावट घ्यायची. जीएसटीच्या बोगस बिलांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या वाचकाला ही साखळी नवी वाटणार नाही.

गुन्ह्याबद्दल शिक्षा द्यायला कायद्याने ठरावीक मुदत असते, ती उलटली की खटला बाद. इटलीत तेव्हा खटला उभा राहिल्यावरही या मुदतीचं घड्याळ थांबत नसे. २००५ च्या दुरुस्तीनंतर खटल्यामुळे मुदत वाढली तरी, काही अपवाद सोडता, मूळ मुदतीच्या जेमतेम एक चतुर्थांश. गुंतागुंतीचे करचुकवेगिरीचे खटले शेवटच्या अपिलापर्यंत पोचण्याआधीच बाद होत. व्हॅटचा काही हिस्सा संघाच्या तिजोरीत जातो, म्हणून कुनेओच्या न्यायाधीशाने लक्झेंबर्गला विचारणा पाठवली. ८ सप्टेंबर २०१५ रोजी उत्तर आलं: या नियमामुळे बरेचसे गंभीर गुन्हेगार शिक्षेविना सुटत असतील, तर न्यायाधीशाने तो बाजूला ठेवावा.

माझ्या मते हा निकाल चुकला होता. ‘बरेचसे’ म्हणजे किती, हे कुठल्या न्यायाधीशाने कसं मोजायचं? आणि गुन्हा घडला तेव्हा असलेली मुदत मागाहून काढून टाकायची, तर आरोपीने भरवसा कशावर ठेवायचा? गुन्ह्याच्या वेळी लागू असलेल्या कायद्यानेच शिक्षा, हे तत्त्व इटलीच्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे, आपल्या कलम २०(१) मध्येही आहे. इटलीत तर मुदतीचा नियम हा नुसता कामकाजाचा भाग नसून शिक्षेच्या कायद्याचाच भाग मानला जातो. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने अदबीने, पण ठामपणे हेच लक्झेंबर्गला कळवलं. शिक्षेचा अधिकार वर सरकत असताना करबुडव्यांच्याही हक्कासाठी कुणीतरी उभं राहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

५ डिसेंबर २०१७ रोजी लक्झेंबर्गने पाऊल मागे घेतलं. कायदा पुरेसा स्पष्ट नसेल किंवा मागच्या तारखेने जास्त कडक होत असेल, तर राष्ट्रीय नियम बाजूला ठेवण्याचं बंधन नाही, असं मान्य केलं. पुढच्याच वर्षी इटलीच्या न्यायालयाने २०१५ च्या निकालातला नियम इटलीत लागू होणार नाही, यावर शिक्कामोर्तब केलं.

त्याच २०१७ मध्ये संघाने न्यायाधीशांवर टाकलेलं ओझं कायद्याकडे वळवलं. जुलैच्या निर्देशाने एकाहून जास्त देशांत पसरलेली आणि किमान एक कोटी युरोंचं नुकसान करणारी व्हॅटची लबाडी आपल्या कक्षेत आणली, आणि मुदती पुरेशा लांब ठेवण्याचं बंधन आलं. ऑक्टोबरमध्ये संघाच्या पैशांवरच्या गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या युरोपीय सरकारी वकील कार्यालयाला मंजुरी मिळाली. १ जून २०२१ रोजी ते लक्झेंबर्गमध्ये रोमानियाच्या लॉरा कोद्रुत्सा कोवेशी यांच्या नेतृत्वाखाली कामाला लागलं. त्याचे खटले आजही त्या त्या देशाच्या न्यायालयात आणि तिथल्याच दंडसंहितेखाली चालतात. डेन्मार्क, आयर्लंड आणि हंगेरी यांसारखे काही देश सुरुवातीला त्यातून बाहेर राहिले.