सोन्याचा आकडा किती?

मेटल डिटेक्टर भाड्याने न्यायला आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. धातू सापडला की मशीनवर आकडा दिसतो, पण सोन्याला ठरलेला आकडा नाही. तुमच्या हरवलेल्या अंगठीला आहे, आणि तो घरून निघण्याआधीच काढून ठेवता येतो. म्हणून मशीनसोबत हा कागद देतो.

कॉइलमधून (मशीनच्या खालच्या टोकाच्या तबकडीतून) सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात. हे भोवरे आपलं स्वतःचं क्षेत्र वर पाठवतात, पण किंचित उशिरा. तो उशीर मशीन मोजतं आणि आकड्यात दाखवतं. जाड चांदीत, तांब्यात भोवरे लवकर विरत नाहीत, म्हणून आकडा मोठा. पातळ पत्र्यात लगेच विरतात, आकडा लहान. थोडक्यात, आकड्यात नुसता धातू नसतो, वस्तूची जाडी आणि घडणही असते.

आमच्या मशीनवर 0 ते 99 आकडे दिसतात. (काही कंपन्यांच्या मशीनवर उणे आकडेही असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मशीनचे आकडे इथे लावू नका.) साधारण 40 च्या खाली खिळे, तारा, बैलाच्या खुरांच्या पत्र्या. हल्लीचं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, त्यामुळे तेही बऱ्याचदा लोखंडासारखंच वागतं. चांदीचा जुना कलदार 80 च्या वर बोलतो. खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, कॅनची कडी, तांबे-निकेलचा जुना रुपया हे सगळे तिथेच, आणि सोन्याच्या बहुतेक अंगठ्याही तिथेच! मधला आकडा आला की कंटाळा न करता उकरायचं.

घरी असं करा: जवळपास लोखंड नसेल अशा जागी कॉइल हवेत धरा आणि जोडीदाराची तशीच अंगठी किंवा कानातल्याचा दुसरा नग कॉइलपासून चार बोटं अंतरावर हलवा. हातात घड्याळ, बांगडी नको. जो आकडा येईल तो लिहून ठेवा. शेतात तोच, किंवा दोन-तीन इकडेतिकडे, शोधायचा.

चेनचं मात्र वेगळं आहे. कडीतून कडीत वीज नीट जात नाही, त्यामुळे दोन तोळ्यांची चेनसुद्धा मशीनला एकेका बारीक कडीएवढीच दिसते आणि कधीकधी आवाजही होत नाही. खुरपताना पडलेलं मंगळसूत्र शोधायचं तर वाट्यांवर भिस्त ठेवा. घरात कुणाच्या तशा वाट्या असतील तर त्यांचाच आकडा काढा. उघड्या तोंडाची जोडवीही चांदीची असून कमी आकडा दाखवतात, कारण भोवऱ्याला पूर्ण फेरा मिळत नाही.

आता माती. आपल्या काळ्या जमिनीत बेसाल्टमधून आलेले लोहकण असतात. कोकणातल्या तांबड्या जांभ्यातही लोह, आणि रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज. मशीनला याचाही सिग्नल येतो. म्हणून आधी मोकळी जागा बघून कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करून घ्या, म्हणजे मशीन मातीचा सिग्नल वगळतं. इतकं करूनही वस्तू वीतभर खाली असली की आकडा घसरतो आणि चांगली वस्तू लोखंडासारखी बोलू शकते. दमदार आवाज आणि स्थिर आकडा असेल तर वस्तू बहुधा वरच असते.

एकाच फेऱ्यावर विश्वास ठेवू नका. आवाज आला की वळून आडव्या दिशेने कॉइल फिरवा. दोन्हीकडून आकडा तोच तर खणा. 35, मग 80, मग 52 असा उड्या मारत असेल तर बहुतेक बाटलीचं बूच किंवा गंजका पत्रा. लोखंडी वॉशर आणि कड्या तर चांदीचा आव आणतात. त्यांनी आम्हालाही खड्डे खणायला लावलेत.

गुप्तधनासाठी मशीन मिळणार नाही, वाद घालू नये. किल्ले आणि संरक्षित स्मारकांच्या आवारातही नाही. शोधताना जमिनीत दडलेलं जुनं धन हाती लागलं आणि त्याची किंमत 10 रुपयांहून जास्त असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लांबूनच सोनं दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्या आम्ही विकत नाही, दुरुस्तही करत नाही.

आणि एक. वस्तू पडली त्या तुकड्यात मशीन पोचेपर्यंत रोटाव्हेटर घालू नका. चार कोपऱ्यांना काठ्या रोवा आणि त्या दिवशी कुठपर्यंत काम झालं होतं ते खुरपणाऱ्या बायकांना विचारून ठेवा.