उंदराच्या श्वासातून लिव्हरची खबर

लिव्हर बिघडलंय का बघायचं तर आपण रक्त देतो, एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरच्या एन्झाइमची रक्ततपासणी) करतो, विषय संपला. पण पेशंट २५ ग्रॅमचा उंदीर असेल तर? त्याच्या अख्ख्या अंगात रक्तच मुळात दीड-दोन मिली, तासातासाला सुई टोचत बसलात तर लिव्हर राहिलं बाजूला, उंदीरच जायचा. मग त्याने बाहेर सोडलेला श्वासच तपासला तर?

ही आयडिया जुनीच आहे. १९७४ मध्ये रायली, कोहेन आणि लीबरमन या संशोधकांनी उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड दिलं, म्हणजे लिव्हरची वाट लावणारं प्रसिद्ध विष, आणि त्यांच्या श्वासात इथेन वायू वाढलेला सापडला.

आता इथेन आला कुठून? तर गंमत अशी की लिव्हर इथे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतं. ते विष पचवायला म्हणून त्याचं एन्झाइम त्यातला एक क्लोरीन काढतं आणि मागे उरतो तो फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारा अर्धवट रेणू, जो पेशीच्या आवरणातल्या फॅटवर तुटून पडतो, मग एकातून दुसरं अशी साखळीच सुरू होते, तेल खवट होतं ना अगदी तसंच, फक्त इथे जिवंत पेशीत. या तोडफोडीत ओमेगा-३ फॅटी ॲसिडमधून इथेन सुटतो आणि ओमेगा-६ मधून पेंटेन. रक्तात ते फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे फुफ्फुसातून बाहेर. व्हिटॅमिन ई ही साखळी तोडतं, आणि ते आधी दिलेलं असेल तर श्वासातला इथेनही कमी होतो, मला तर हाच सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो.

एसजीपीटी वाढतं ते पेशी फुटून एन्झाइम रक्तात सांडल्यावर, इथेन मात्र जाळपोळ चालू असतानाच निघतो.

पण मोजणं म्हणजे डोकेदुखी. साध्या हवेतही थोडा इथेन असतोच, म्हणून उंदराला बंद डब्यात ठेवून आधी हायड्रोकार्बन (म्हणजे इथेन-पेंटेनसारखे वायू) काढलेली हवा सोडायची, अंगातला जुना साठा धुऊन काढायचा आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वायूंचं मिश्रण वेगवेगळं करून मोजणारं मशीन. पेंटेन तर त्याहून चकवा देणारा, कारण त्याला निकामी करायचं कामही लिव्हरकडेच, त्यामुळे पेंटेन वाढला तर तो जास्त तयार झाला की नुसता साफ झाला नाही, कसं ठरवणार? शिवाय श्वासात आयसोप्रीन नावाचा आणखी एक हायड्रोकार्बन असतो, काही जुन्या मशीनमध्ये तो पेंटेनसोबतच बाहेर यायचा आणि आकडा फुगायचा.

आणि इथेन लिव्हरचंच नाव घेऊन येत नाही, फॅट कुठल्याही अवयवात अशी खवट झाली तरी तो निघतोच. म्हणून दुसरी पद्धत उलटी आहे, लिव्हरलाच काम द्यायचं. कार्बन-१३ (कार्बनचा जरा जड प्रकार) लावलेलं मेथासेटिन, म्हणजे लिव्हरच तोडतं असं एक रसायन, पाजायचं, लिव्हर ठणठणीत असेल तर तो जड कार्बन भराभर कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासात येतो, आजारी असेल तर रेंगाळत येतो. कार्बन-१३ रेडिओॲक्टिव्ह नाही, त्यामुळे हीच टेस्ट माणसांवरही करतात.