ग्रँड सेइकोचा संग्राहक

ग्रँड सेइकोचा संग्राहक : जपानी बनावटीची, किमतीने भारी पण दिसायला साधी मनगटी घड्याळे जमवणारा दर्दी. ग्रँड सेइको, म्हणजे सेइको कंपनीची सर्वांत उंची घड्याळे, हे त्याच्या आवडीचे केंद्र. त्याच घराण्यातले क्रेडोर, ‘द सिटिझन’ ही मालिका आणि हाजिमे आसाओका, नाओया हिदा यांच्यासारख्या स्वतंत्र घड्याळकारांची मोजकी घड्याळेही त्याच्या नजरेत असतात. लांबून पाहणाऱ्याला त्याच्या हातावर पोलादी पट्ट्याचे एक नीटस घड्याळ दिसते, एवढेच. किंमत कळली की ‘सीकोला एवढे पैसे?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याने तो खट्टू होत नाही. उलट छंदातली निम्मी गंमत तिथेच असते.

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच स्वाभाविक आहे. सेइको (बोलण्यात ‘सीको’) म्हणजे आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्या मामा-काकांच्या हातातले ‘सीको फाइव्ह’, अशी एका पिढीची आठवण. सिटिझनशी तर नाते त्याहून जुने आहे : एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्यानेच उभा राहिला. त्यामुळे बापूंच्या किंवा अण्णांच्या ज्या ‘जनता’ला रोज सकाळी चावी दिली जायची, तिच्या पोटातली रचना मुळात जपानी होती. जपानी घड्याळ म्हणजे टिकाऊ आणि परवडणारे, हे समीकरण इथे असे घट्ट बसलेले आहे.

पहिले ग्रँड सेइको १९६० मध्ये नागानो प्रांतातल्या सुवा सेइकोशा या कारखान्यात तयार झाले. चावीचे, २५ ज्वेलचे, सोन्याच्या जाड मुलाम्याचे. किंमत २५,००० येन. उद्देश उघड होता : स्विस क्रोनोमीटरच्या (अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाच्या) तोडीचा अचूकपणा जपानात घडवायचा. या घड्याळात जपानी साधेपणाचे तत्त्वज्ञान शोधू नये. ते त्या काळच्या चांगल्या स्विस घड्याळासारखेच दिसते. पुढच्याच वर्षी कंपनीच्या टोकियोतल्या दाइनी सेइकोशा या दुसऱ्या कारखान्याने ‘किंग सेइको’ काढले. एकाच घरातले हे दोन भाऊ एकमेकांशी चुरस करत राहिले, आणि जुने घड्याळ हाती आले की ‘सुवा की दाइनी?’ हा संग्राहकाचा पहिला प्रश्न असतो.

स्वतःचा चेहरा मिळाला तो १९६७ मध्ये, दाइनीच्या ४४जीएस या घड्याळाने. तारो तानाका या रचनाकाराने केस (घड्याळाचे बाहेरचे कवच), काटे आणि तासाच्या खुणांसाठी नियम बांधून दिले : पृष्ठभाग सपाट हवेत, कडा धारदार हव्यात आणि आरशासारख्या झिलईत प्रतिबिंब जराही वाकडे दिसता कामा नये. ही झिलई ‘झारात्सू’ पद्धतीने करतात. फिरत्या धातूच्या तबकडीवर केस हाताने दाबून धरायची. कोन किंचित चुकला तरी कड गोलावते. शब्द अस्सल जपानी वाटतो खरा, पण तो ‘सालाझ’ या युरोपीय यंत्रनिर्मात्याच्या नावाचा अपभ्रंश आहे. कारागिरी जपानी, नाव परक्या यंत्राचे.

१९६८ मध्ये जिनिव्हाच्या वेधशाळेतल्या स्पर्धेत सेइकोच्या यांत्रिक मनगटी घड्याळांनी चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे क्रमांक पटकावले. लगेच पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, याच कंपनीने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ (सेलवर, स्फटिकाच्या कंपनांच्या ठेक्यावर चालणारे) मनगटी घड्याळ विकायला काढून यांत्रिक अचूकतेची सगळी शर्यतच निरर्थक करून टाकली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ग्रँड सेइकोही थांबले. ते १९८८ मध्ये परतले ते क्वार्ट्झ होऊन; यांत्रिक ग्रँड सेइकोला १९९८ उजाडावे लागले.

म्हणूनच या संग्राहकाला सेलच्या घड्याळाचा तिटकारा नसतो. इतर घड्याळशौकिनांपासून त्याला वेगळे काढायचे असेल, तर एवढी एक खूण पुरेशी आहे. १९९३ च्या ‘९एफ’ या क्वार्ट्झ यंत्राबद्दल तो तासभर बोलू शकतो. क्वार्ट्झचा स्फटिक आधी तीन महिने मुरवून घेतात, चूक वर्षाला १० सेकंदांच्या आत ठेवतात, आणि सेकंदकाटा खुणेवर येऊन थरथरत नाही, नेमका थांबतो. यंत्रावरची कलाकुसर बंद झाकणाखाली असते; सेल बदलणाऱ्याखेरीज ती कोणाला दिसत नाही. सिटिझनने २०१९ मध्ये ‘०१००’ या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात ही चूक वर्षाला एका सेकंदावर आणली.

न दिसणाऱ्या जागी खर्च करण्याची ही हौस जपानात जुनी आहे. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, राजवटीने शहरी व्यापाऱ्यांच्या भपक्यावर बंधने घातली. लोकांनी वरचे कपडे तपकिरी आणि करड्या रंगांचे घातले, पण त्या दोन रंगांच्या इतक्या छटा काढल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ असा वाक्प्रचारच पडला. अंगरख्याचे अस्तर मात्र उंची रेशमाचे, चित्रांनी भरलेले. याला ‘उरामासारी’ म्हणतात : बाहेरच्यापेक्षा आतली बाजू सरस. या आडच्या श्रीमंतीत विनय होता, तसा तोराही होता. अस्तर दिसावे असे कोणाला वाटतच नसते, तर त्यावर चित्रे कशाला काढली असती? आजच्या संग्राहकालाही प्रेक्षक हवा असतो. फक्त तो मोजका आणि जाणता हवा असतो.

ग्रँड सेइकोचे अप्रसिद्ध असणे काही अंशी योगायोगाचेही होते. २०१० पर्यंत ते मुख्यतः जपानी ग्राहकासाठीच होते. परदेशी शौकीन ते टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेच्या जुन्या घड्याळांच्या दुकानांतून किंवा जपानी मध्यस्थांमार्फत मिळवत. त्यातून डायलवर बारा वाजण्याच्या जागी ‘सेइको’ हेच नाव आणि खाली लहान ‘ग्रँड सेइको’. हजार रुपयांच्या घड्याळावरचे नाव लाखांच्या घड्याळावरही. २०१७ मध्ये ग्रँड सेइको हा वेगळा ब्रँड झाला आणि वरचे ‘सेइको’ गेले. दुकानदारीच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण ज्यांना ते नाव म्हणजे वेषांतर वाटे, त्यांच्यापैकी काही अजूनही दोन नावांच्या जुन्या डायलला जास्त मान देतात.

आजच्या संग्राहकाला बहुतेक वेळा खेचते ते ‘स्प्रिंग ड्राइव्ह’. योशिकाझु आकाहाने या अभियंत्याला १९७७ मध्ये कल्पना सुचली, सहाशेहून अधिक नमुने झाले आणि १९९९ मध्ये घड्याळ बाजारात आले. शक्ती पुरवते ती नेहमीची गुंडाळलेली स्प्रिंग, सेल नाही. मात्र टिकटिक करणाऱ्या भागाऐवजी शेवटचे चाक सेकंदाला आठ फेऱ्या या वेगाने एकाच दिशेने फिरते, आणि क्वार्ट्झच्या ठेक्यावर चुंबकीय ब्रेक लावून त्याला वेगात ठेवले जाते. त्यामुळे सेकंदकाटा उड्या मारत नाही, सरकतो, तोही अजिबात आवाज न करता. २००५ च्या ‘स्नोफ्लेक’ या टायटॅनियमच्या घड्याळात हाच निळा काटा बर्फासारख्या पोताच्या डायलवरून फिरतो. डायल पांढरी दिसते, पण तिला पांढरा रंग दिलेला नाही. चांदीच्या थराखालच्या खडबडीतपणावर प्रकाश विखुरतो, म्हणून ती तशी भासते.

स्नोफ्लेक गाजले आणि मग डायलवर निसर्ग उतरवण्याची रीतच पडली : सुवा सरोवर गोठून बर्फाला जो उंचवटा पडतो, ती देव चालत गेल्याची वाट मानतात, तीही आली, भूर्जवनही आले. भूर्जवनाच्या घड्याळाला २०२१ मध्ये जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या पुरस्कार सोहळ्यात पुरुषांच्या घड्याळाचा पुरस्कार मिळाला. कारागिरीबद्दल वाद नाही. पण दर हंगामाला नवी कविता छापून येऊ लागली की तिचा हळूहळू जाहिरातीचा मजकूर होतो. मुरलेला संग्राहक अशा वेळी क्रेडोरच्या ‘एइची २’ (२०१४) कडे वळतो, निदान मनातल्या मनात. शिओजिरीतल्या मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओत होणाऱ्या या घड्याळाची डायल पांढऱ्या पोर्सेलिनची असून तिच्यावरची अक्षरे व खुणा हाताने रंगवलेल्या असतात. किती चावी उरली हे दाखवणारा काटा मागच्या बाजूला ठेवला आहे. पुढे फक्त तीन काटे.

जुन्या घड्याळांच्या संग्राहकाची नजर वेगळी. केसमागच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरे चिन्ह महिना. नोव्हेंबर-डिसेंबरसाठी ‘एन’ आणि ‘डी’ ही अक्षरे. दशक मात्र मॉडेलवरून ओळखावे लागते. मग तो दहापट भिंग लावून केसच्या कडा तपासतो. कोण्या दुरुस्तीवाल्याने उत्साहाने बफ मारला असेल तर झारात्सूची धार गेलेली असते आणि ती परत आणणे जवळपास अशक्य. चरे पडलेले पण न घासलेले घड्याळ त्याला चकचकीत केलेल्यापेक्षा मोलाचे वाटते. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर तो पहिली ओळ हीच लिहितो : पॉलिश करू नये.